थंगम सिस्टर नेमक्या जेवल्या कुठे?

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, खालील मजकूर वाचताना कोणीही हसू नये. या प्रकरणात दोन घरांची अब्रू, एका पाळकाची झोप आणि पातेलंभर मटण गुंतलेलं आहे. तरीही कोणी हसल्यास, आणि ते माझ्या बायकोच्या कानावर गेल्यास, होणाऱ्या परिणामांना लेखक जबाबदार राहणार नाही.

हं. आता ऐका.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. भूत, चकवा, अंगात येणं... काही नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं, चमत्कार मानतो, पण ते बायबलातले. ते गालीलात झाले असतील. नेर गावी, कापूस बाजारामागच्या आमच्या मोहल्ल्यात, भरदुपारी होतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

कापसाची वाईट वर्षं चालली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या चर्चच्या मंडळीनं मिशनऱ्यांचा सत्कार ठरवला. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, शाळा चालवणारं केरळचं एक जोडपं, आणि थंगम सिस्टर. सिस्टर तामिळनाडूच्या, नर्स. तरुणपणी आल्या आणि केस पिकेपर्यंत इथंच राहिल्या. मोहल्ल्यातली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली, माझी मुलगीसुद्धा. आता त्या कायमच्या गावी परत निघाल्या होत्या.

एरवी अशा वेळी मांडव घालून मोठं प्रीतिभोजन झालं असतं. त्या वर्षी कोणाच्याच खिशात तेवढा दम नव्हता. पाळकसाहेबांनी तोड काढली — सकाळच्या उपासनेनंतर एकेका घरी एकेक पाहुणा जेवेल, घरात शिजेल ते खाईल, आणि संध्याकाळी चर्चमध्ये सत्काराची सभा. सगळ्यांना पटलं. पण सिस्टर कोणाकडे?

इथे आमच्या घरचं लफडं सांगणं भाग आहे. माझं आणि मोठ्या भावाचं, म्हणजे दादाचं, घर पाठीला पाठ लावून आहे. त्याचं दार चर्चच्या रस्त्याला, माझं मागच्या गल्लीत, आणि मधे दोघांचं मिळून एक परसदार. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात रत्नावहिनींचं मटण खारट झालं. कोणीतरी तसं बोललं आणि माझी बायको शालिनी हसली. बास, एवढंच! तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद. तीन वर्षं होत आली होती. त्या महिन्यात तर दादानं परसदारात विटा आणून टाकल्या होत्या. मधोमध भिंत घालायची म्हणून सोमवारी मिस्त्री येणार होता, आणि सत्कार होता रविवारी.

दोघींनीही पाळकसाहेबांना निरोप पाठवला — सिस्टर जेवतील तर माझ्याकडेच. ज्या घरी सिस्टर जाणार नाहीत, ते घर दुसऱ्यापासून कायमचं तुटणार, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. पाळकसाहेब बिचारे देवाला भितात, पण बायांना जास्त. त्यांनी दोघींनाही हो म्हणून टाकलं! हे अर्थात आम्हाला मागाहून कळलं.

दुपारी सिस्टर आमच्या दारात उभ्या. पांढरी साडी, हातात छत्री, अंगाला निलगिरीच्या तेलाचा तो नेहमीचा वास. बायकोनं भरीत, भाकर आणि पाटोडीचा रस्सा केला होता. सिस्टर चटईवर बसल्या, डोळे मिटून आशीर्वाद मागितला आणि जेवू लागल्या. बोलल्या फारसं काही नाहीत. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मधेच लाइट गेली. पंखा थांबला म्हणून मी वर्तमानपत्राची घडी घेऊन वारा घालायला लागलो, तर म्हणाल्या, "राहू दे बाबू, बस."

जेवून हात धुऊन त्या निघाल्या. मी सोडायला उठलो तर हातानंच नको म्हटलं. बायको दारात उभी राहून डोळे पुसत होती. मला म्हणाली, "पाह्यलं? माह्याच घरी आल्या. आता घालू दे भिंत त्याइले."

संध्याकाळी चर्च भरलं. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. गर्दीमुळे नाइलाजानं माझ्या शेजारी दादा, तोंड दुसरीकडे करून. पुढे खुर्च्यांवर केरळचं जोडपं आणि शाल पांघरलेल्या सिस्टर. गीतं झाली, हार झाले, मग साक्षी सुरू झाल्या. आमच्यात पद्धत आहे — देवानं आपलं काय भलं केलं ते सभेत उभं राहून सांगायचं.

माझी बायको पहिली उठली. "प्रभूची स्तुती असो. आज सिस्टर माह्या घरी जेवल्या. मले वाटलं नोहोतं..."

"खोटं!" वहिनी उभ्याच राहिल्या. "देवाच्या घरात खोटं बोलून राह्यली! सिस्टर माह्याकडं जेवल्या. मटण खाल्लं त्याइनं!"

"कधी?"

"दुपारी. लाइट गेली तवा माह्या चटईवर होत्या."

"लाइट गेली तवा माह्या चटईवर होत्या!"

मी दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो हळूच म्हणाला, "बाबू, मी सोता पुठ्ठ्यानं वारा घातला. मले म्हणे — राहू दे, बस."



तेवढ्यात तिसरी उठली, पाळकसाहेबांची बायको. "काय लावलं वं तुम्ही दोघीइनं? सिस्टर तर दुपारभर माह्या घरी पलंगावर होत्या. मी पाय चेपत बसली होती. लाइट गेली तवा मीच खिडकी उघडली."

आता सगळं चर्च सिस्टरांकडे पाहू लागलं. त्या उठल्या, हात जोडले. "मला माफ करा. पाळकसाहेबांनी दोघींना हो म्हटलं, तसं मला सांगितलं. मी एकीकडे गेली असती तर दुसरी रडली असती. म्हणून मी कुठेच गेली नाही. उपास केला. दोघींसाठी प्रार्थना करता करता झोप लागली." मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "आणि बघा ना, भूकच नाही."

 

नंतर आम्ही सगळे खुलासे करून पाहिले. दुसरीच कोणी बाई? अहो, बायकोच्या बाळंतपणात रात्रभर जिच्यासोबत जागलो तिचा चेहरा मी चुकेन? आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे? मग लाइटचं काय — ती तर त्या दुपारी एकदाच गेली. पाळकाची बायको खोटं बोलली? तिला खोटं बोलता येत असतं तर तिचा नवरा एवढा घाबरट राहिला नसता. भास म्हणावं, तर दोन्ही घरी उष्टी ताटं घासायला पडली होती, आणि ती आमची कोणाची नव्हती. दादाकडचं पातेलं मी स्वतः जाऊन पाहिलं. त्यातलं मटण कमी झालेलं होतं. दादा तर त्या दिवसापासून चर्चमध्ये माझ्याच शेजारी बसतो, पण या विषयावर एक शब्द काढत नाही. मी सांगायला लागलो की उठून जातो.

 

तर त्या संध्याकाळी सिस्टर खाली बसल्या. पाळकसाहेब घाम पुसत माइकजवळ आले आणि माइकही पुसू लागले. माझी बायको आणि वहिनी अजून उभ्याच. मधे फक्त एक बाक. दोघी एकमेकींकडे टकामका पाहत होत्या.  शेवटी तीन वर्षांत पहिल्यांदा वहिनींनी माझ्या बायकोला नावानं हाक मारली, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं —

"शालू, खरं सांग वं... जे कोणी आली होती ते जास्त कोणाकडं जेवली, तुह्याकडं का माह्याकडं?"