पाहुण्याची चाचणी

आमच्या जळगावच्या ऑफिसची वेबसाइट म्हणजे कुणीही यावं, मोबाइलवर लिहावं आणि बटण दाबून लेख प्रसिद्ध करावा, अशी सोय. नवीन काही करताना जुनं मोडलं नाही ना, हे बघायला मी आपोआप चालणाऱ्या चाचण्या बसवल्या होत्या. संगणकच खोटा लेखक होऊन लॉगिन करायचा, लेख लिहायचा, प्रसिद्ध करायचा आणि उघडून बघायचा. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरव्या खुणांची रांग. त्या रांगेचा मला भारी माज होता.

मग अमळनेरहून अक्कांचा फोन आला. अक्का निवृत्त शिक्षिका. आमच्या वेबसाइटवर वडिलांवर लेख लिहीत होत्या. वडील तेलाच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांना पाहिलेलं अक्कांशिवाय आता कुणी उरलं नव्हतं.

"परत बठ्ठं गयं वं माय," त्या म्हणाल्या. "आते बस." लिहिलेलं सगळं पुन्हा गेलं होतं आणि आता त्या लिहिणंच सोडणार होत्या.

"बाईंनी बटण दाबलं नसेल," आमचे साहेब म्हणाले. माझं डोकंच फिरलं. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला एक बटण दाबता येत नाही होय? रविवारी एसटी पकडून मी सरळ अमळनेर गाठलं आणि म्हटलं, अक्का, नेहमी लिहिता तसं माझ्यासमोर लिहा.

त्या खाटेवर बसल्या. जेमतेम दोन वाक्यं झाली आणि शेजारीण आली. अक्कांनी मोबाइल खाटेवर पालथा टाकला आणि उठल्या. आमच्याकडे माणूस दारात आल्यावर मोबाइलमध्ये तोंड घालून कुणी बसत नाही. चहा झाला, शेव-मुरमुरे झाले, सुनेचं बाळंतपण झालं. निरोप घेतल्यावर दारात उभ्या उभ्या आणखी एक बैठक झाली. मग अक्का परतल्या, एक वाक्य लिहिलं, बटण दाबलं. समोर लॉगिनचं पान. लेख गायब.

मी कपाळावर हात मारला. बराच वेळ हालचाल नसली की लॉगिन संपायचं आणि त्याच्याबरोबर मजकूरही जायचा. माझा खोटा लेखक एका दमात लिहून मोकळा व्हायचा. त्या बिचाऱ्याकडे कधी कुणी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नवी चाचणी लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'पाहुणा'. लेखकाने दोन वाक्यं लिहायची, मग मी घड्याळ पुढे ढकलायचं, लॉगिन संपवायचं, त्याला परत आणून बसवायचं आणि मजकूर उरलाय का बघायचं. पहिल्याच फेरीत लाल खूण आली. लाल बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. चोर हाती लागला होता. मग लिहिता लिहिताच मजकूर मोबाइलमध्ये जपला जाईल अशी व्यवस्था केली. खूण हिरवी झाली. पण आता नुसत्या हिरव्यावर माझा विश्वास बसेना.

"अक्का, एकदाच लिहायला बसा," मी फोनवर गळ घातली. "मी पाहुणी म्हणून येते."

मी गेले तेव्हा त्यांनी खरंच मोबाइल पालथा टाकला. मी एक चहा घेतला, दुसरा मागून घेतला, गुडघ्यांची चौकशी केली, पापडांचा विषय काढला. तोंडाने बडबड चालू होती आणि नजर त्या पालथ्या मोबाइलवर होती. आज पुन्हा गेलं तर अक्का लिहिणार नाहीत आणि तेलकट सदऱ्यातले त्यांचे वडील कायमचे जातील, एवढंच मला दिसत होतं.

शेवटी अक्कांनी चष्मा लावला, मोबाइल उचलला, पुन्हा लॉगिन केलं. पहिल्या ओळीपासून त्या सगळं वाचत गेल्या.

"बठ्ठं शे," त्या म्हणाल्या. एक शब्दही गेला नव्हता.

मला रडूच आलं. ते लपवायला मी मजकूर कुठे आणि कसा जपला जातो, हे घाईघाईने सांगत सुटले. अक्कांचं लक्ष नव्हतं. त्यांचा अंगठा केव्हाच चालू झाला होता.

"तू जाय आते वं माय," मान वर न करता त्या म्हणाल्या. "माले लिखू दे."