नववं बोट

टी.वाय.ला असताना जिच्यामुळे माझा सगळ्यात जास्त जळफळाट व्हायचा, ती माझी जिवलग मैत्रीण होती. ती रोडपाली गावातली, मी नवीन पनवेलच्या सेक्टरमधली. मला क्लास, गाइडं, वडिलांनी मुंबईहून आणलेली पुस्तकं. तिच्याकडे यातलं काही नाही, तरी मार्क तिचेच जास्त. मला ते अजिबात सहन व्हायचं नाही. आता लपवून काय करायचंय?

त्या वर्षी बायोकेमिस्ट्रीच्या सरांनी दोघांदोघांत एक अशा झेरॉक्स वाटल्या. एका प्रथिनाचा क्रम होता तो. नुसती इंग्रजी अक्षरं, एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल. "यात काय दिसतं ते सेमिनारला सांगा," म्हणाले. ज्याचं सगळ्यात चांगलं होईल त्याची सुट्टीत मुंबईच्या एका प्रयोगशाळेसाठी शिफारस होणार होती. जागा एकच. ती मलाच हवी होती.

तिच्या घरी ओटीवर बसून मी अक्षरं वाचत होते, ती ग्राफपेपरवर उतरवत होती. पाच-सहा ओळी झाल्यावर ती म्हणाली, "थांब गं. सी, मग दोन अक्षरं, परत सी. मग बारा अक्षरं, एच, मग तीन, परत एच. हे सारखं सारखं येतंय."

खरंच येत होतं. पुढे पुस्तकात सगळं सापडलं. ते दोन सी आणि दोन एच मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात, साखळीचा तेवढा भाग बोटासारखा दुमडतो, आणि अशी ओळीने आलेली बोटं डीएनएच्या खाचेत शिरून त्याला पकडतात. एकट्या बोटाची पकड ढिली, बोटं वाढली की घट्ट. पण अक्षरं माझ्या तोंडून गेली होती आणि कळली होती तिला! अंगाची नुसती आग झाली. तिची आई चहा घेऊन आली. "आमाला काय समजत नाय, पन तुमी दोगी मोट्या व्हा," म्हणाली. मी चहा अर्धाच प्यायले.

तिने आठ बोटं मोजली. झेरॉक्स माझ्याकडे राहिली होती, ती घरी पाहताना मला नऊ दिसली. वाचताना माझी एक ओळ सुटली होती. ओळ जवळपास तीस अक्षरांची, बोटही तेवढंच, त्यामुळे पुढची लय मोडली नाही आणि तिला संशय आला नाही. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

सेमिनारला आधी ती बोलली. आम्ही दोघींनी मिळून शोधलं, असंही म्हणाली. मग मी उठले आणि फळ्यावर नववं बोट काढलं. सर खूश झाले. मूळ कागदाशी उतारा ताडून पाहायची सवय हवी, असं तिच्याकडे बघत सगळ्या वर्गाला म्हणाले. शिफारस मला मिळाली.

जिन्यात तिने मला गाठलं. "ती ओळ तू वाचली होतीस ना गं?"

"वाचली होती. तुझीच लिहायची राहिली असेल."

"असेल," ती म्हणाली. "नशीब, तुला दिसली. माझ्यामुळे दोघींचंही काम चुकलं असतं." आणि तिने माझी माफी मागितली.