आत्याचा उन्हातला थाट

सूर्याशी जिचं वैयक्तिक भांडण आहे आणि त्या भांडणाला जी रोज नटूनथटून जाते, अशी मावळ तालुक्यातली एकमेव बाई म्हणजे माझी आत्या. उन्हाळ्यात स्कूटरवरून जाणाऱ्या बाकीच्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. दवाखान्यातून पळून आल्यासारखा पांढरट सनकोट, तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, मध्ये दोन डोळे. आत्याच्या मते हा पोशाख नव्हे, ही शरणागती आहे. तिचा सनकोट चिकूच्या रंगाचा, उभ्या कॉलरचा, बाह्यांना जुन्या इरकलीचे काठ लावलेला. हातमोजे त्याच काठाचे. डोक्यावर सुपाएवढी टोपी, आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून हनुवटीखाली बांधायला खणाची पट्टी. अशा थाटात ती तळेगावच्या स्टेशन रस्त्यावरून निघाली की रिक्षावाले आपसूक बाजूला होतात. चौकातल्या हवालदारानं तिला एकदा सलाम ठोकला होता. कोणाला ठोकला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

हे सगळं हौसेतून सुरू झालं असं नाही. बँकेतून निवृत्त झाली त्याच उन्हाळ्यात तिच्या अंगावर पुरळ उठायला लागलं. जिथे ऊन लागेल तिथे लाल चट्टे, आणि रात्रभर खाज. डॉक्टर म्हणाले, उन्हाची ॲलर्जी आहे, औषध देतो, पण भर उन्हात बाहेर पडू नका, घरातच बसा. हे ऐकून माझं डोकं फिरलं. बाईला काहीही होवो, औषधाच्या चिठ्ठीत शेवटची ओळ 'घरात बसा' हीच का असते? ऊन मोकाट फिरणार आणि बाई कोंडून घेणार? यावर मी पत्रक काढणार आहे, असं मी जाहीर केलं. आत्या शांतपणे म्हणाली, "पत्रक नंतर काढ. आधी हे टेपचं टोक माझ्या खांद्यावर धर." डॉक्टरांचं वाक्य तिनं निम्मंच ऐकलं होतं. अंग झाकायचं, एवढंच तिच्या कानात शिरलं. घरात बसण्याचा भाग बहुधा केबिनमध्येच राहिला.

तेव्हापासून तळेगावातल्या कापडवाल्यांचे हाल सुरू झाले. आत्या दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवत नाही. पसंत पडलेला तागा ती सरळ रस्त्यावर घेऊन जाते, उन्हात उभा धरते आणि कापडामागे आपला पंजा पसरते. "मला माझी बोटं दिसतायत," ती दुकानदाराला ऐकवते, "म्हणजे उन्हालाही दिसणार. दुसरा दाखवा." एका दुकानदारानं वैतागून विचारलं, "काकू, तुम्हाला शिवायचंय तरी काय? तंबू?" त्यावर आत्यानं त्याला तासभर पटवून दिलं, की घट्ट विणीचं सुती कापड सैल शिवलं तर आत वारा खेळतो, आणि अंगाला चिकटलेला कपडा कितीही महाग असला तरी शिक्षाच. शेवटी तो बिचारा स्वतःच्या शर्टकडे अशा नजरेनं पाहायला लागला, की मलाच त्याची दया आली. ही दया मला सहसा येत नाही. व्यापारी वर्गाबद्दल माझी मतं ठरलेली आहेत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्त्री-हक्क गटानं लोणावळ्यात मोहीम काढली. पॉइंटांवर करवंदं-जांभळं विकणाऱ्या बाया दिवसभर उघड्यावर बसतात. पर्यटकांच्या गाड्यांना सावलीचं पार्किंग मिळतं आणि या बायांना डोक्यावर साधं छप्पर नाही. आम्ही 'सावली ही चैन नाही, हक्क आहे' अशी पत्रकं वाटत होतो. आत्याही आली. पत्रक हातात घेऊन तिनं ते उलटसुलट पाहिलं, जणू त्याचीही वीण तपासतेय. "मजकूर चांगला आहे," ती म्हणाली, "पण याला काठ नाही. बिनकाठाचं कोण बघणार?" मी तिला चळवळ आणि फॅशन यांतला फरक समजावून सांगायला लागले, तर ही तिथून केव्हाच निघून गेली होती आणि बिनबाह्यांचा टॉप घातलेल्या एका मुंबईच्या मुलीसमोर उभी होती. "बाळ, तुझे खांदे चिक्कीच्या रंगाचे झालेत," ती अत्यंत काळजीनं सांगत होती. "सकाळी शेंगदाण्याच्या रंगाचे असतील, आता गुळाच्या रंगाचे झालेत. तासाभरात करपतील." मुलगी आधी बिथरली, मग हसली, आणि शेवटी आत्याच्या पिशवीतली ओढणी खांद्यावर घेऊन, शेजारच्या मावशीकडून करवंदांचे द्रोण आणि माझ्याकडून पत्रक घेऊन गेली. पुढच्या खेपेला आमच्या फलकाला चारी बाजूंनी हिरवा काठ होता. आत्यानं तो मला न विचारता शिवला होता. लोक थांबून वाचत होते. मला राग आला, पण फलक मी उंच धरला.

एवढी सगळ्या जगात मिरवणारी बाई एका ठिकाणी मात्र उन्हात जात नव्हती. टाकवे बुद्रुकला, तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या वडिलांच्या शेतावर. तसं संध्याकाळी जाऊन यायची, पण राब भाजायला नाही. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी, ऐन उन्हाळ्यात, तेवढ्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती पसरून तो भाजतात. लग्नाआधीपासून आमचा राब पेटवायचा तो आत्यानंच. बँकेत असतानाही त्या दिवसाची रजा ठरलेली. ॲलर्जी झाल्यापासून दादा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी फोन करून सांगायचे, "राब भाजून झाला, तू उगाच उन्हात येऊ नकोस." आत्या "बरं केलंत" म्हणायची, आणि त्या दिवशी तिचं शिलाई मशीन संध्याकाळपर्यंत गप्प असायचं.

या वर्षी तिनं फोनची वाटच पाहिली नाही. आठवडाभर आधी शिवायला बसली. सगळं सुती, कारण राबाची ठिणगी नायलॉनवर पडली तर ते वितळून थेट अंगाला चिकटतं. टोपीला मागून कमरेपर्यंत उतरणारं पाखं लावलं. पावसात लावणी करताना बाया पाठीवर इरलं घेतात ना, अगदी तसं. "इरलं पाणी अडवतं, मग ऊन का नाही अडवणार?" असा तिचा बिनतोड सवाल होता. वर मोठा काळा चष्मा. माझ्या स्कूटरवरून जाताना कान्हे फाट्यावर रेल्वेचं फाटक पडलेलं होतं तेव्हा शेजारच्या दुचाकीवरचं पोर तिच्याकडे बघून आईच्या पदरात शिरलं. आत्यानं ते कौतुकच समजलं.

शेतावर दादा अजून पोचले नव्हते. मी स्कूटर सावलीत लावत होते, तोवर आत्या पुढे जाऊन बांधावर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून वावर न्याहाळायला लागली. हीच चूक झाली. आमच्या मावळात टोपी-चष्मा घालून बांधावरून जमीन न्याहाळणारं माणूस एकाच कामासाठी आलेलं असतं. शेजारच्या वावरातले आबा काठी टेकत तरातरा आले.

"ओ मॅडम. हितली जागा इकायची न्हाई."

आत्यानं वळून टोपी सावरली.

"एजंटानं फशिवलंय तुमाला. दोन शेटं येऊन गेलती, त्यांनाबी हेच सांगितलं. फार्महाउस बांधायचं तर फुडं जावा."

आबांच्या मागे राबाला पाला घेऊन आलेल्या बाया पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. एक दुसरीला म्हणाली, "मंबईची दिसती. मोजे बघ की गं."

मी पळत निघाले. अंगात संताप होता. पण आत्यानं हात वर करून मला थांबवलं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. टोपी-चष्म्याआड तो कोणालाच दिसत नव्हता, खरी अडचण तीच होती. ज्या वावरात ती लहानाची मोठी झाली तिथे यायचं म्हणून तिनं हा सगळा पोशाख शिवला होता, आणि त्याच पोशाखामुळे वावर तिला ओळखत नव्हतं. टोपी काढली असती तर क्षणात काम झालं असतं. पण ऊन डोक्यावर आलेलं. टोपी काढून ओळख पटवायची, तर मग डॉक्टरांचं आणि दादांचंच खरं ठरणार होतं. तिनं पट्टीच्या गाठीकडे हात नेला. तो तिथेच थांबला. मग तिनं आबांना पायापासून वर निरखायला सुरुवात केली.

"आबा," ती म्हणाली, आणि बँकेतली भाषा कुठल्या कुठे गेली, "सदऱ्याचं वरचं बटान आजून लावलं न्हाई व्हय? माज्या लग्नात बी असंच आलतासा, छाती उघडी टाकून."

आबांचा हात आपोआप गळ्याशी गेला. त्या रिकाम्या काजाशी बोटं थांबली.

"आत्ता गं," ते म्हणाले. "ही तर आपली पोर." मग बायांकडे वळून, जणू त्यांचीच चूक असल्यासारखे डाफरले, "बघता काय? आपल्या घरची हाय. सोंग घिऊन आलीया एवढंच."

"सोंग न्हाई, इरलं हाय," आत्या म्हणाली. "उन्हाचं. मावशे, हात घालून बघ की, आत वारा खेळतोय."

मग काही विचारू नका. दादा आले तेव्हा राब बाजूला राहिला होता आणि बाया आत्याची टोपी न उतरवता आळीपाळीनं पाख्याखाली डोकी घालून बघत होत्या. जुनी लुगडी आणून देतो, आम्हालाही शिवून दे, काठ मात्र लाल पाहिजे, अशी बोलणी चालली होती. माझ्या पिशवीतली पत्रकं पिशवीतच राहिली. दादा रागावणार होते, तसे उभेही राहिले, पण शेवटी काड्यापेटी काढून त्यांनी बहिणीपुढे धरली.

आत्यानं राब पेटवला. वारा ज्या बाजूला वाहत होता त्या टोकाकडून, म्हणजे जाळ उलटा, हळूहळू सरकत यावा. धूर वर चढला. ती टोपी सावरत वाफ्याच्या कडेनं फिरत होती, मोज्यातल्या हातानं माती सारखी करत, बायांना सूचना देत, मध्येच कुणाच्या पदराची वीण तपासत. पहिलं टोक भाजून निवायला लागलं तेव्हा ती तिथे एकटीच खाली बसली. आमच्याकडे पाठ करून, उजवा हात भाजलेल्या मातीला टेकवून बराच वेळ बसली. दादा म्हणाले, "दमली असेल, नको हाक मारू."

दुसऱ्या दिवशी तळेगावला तिच्या उजव्या हातावर मनगटापर्यंत लाल चट्टे उठले होते. "इस्त्रीचा चटका बसला," ती म्हणाली. मी मलम लावलं. एरवी मी कोणाचं खोटं खपवून घेत नाही, पण वाद घातला नाही. नंतर तिचे कपडे धुवायला घेतले. पाख्याला धुराचा वास होता, कोटाच्या घेराला राख लागली होती. हातमोज्यांत डावा मातीनं काळा झाला होता. उजव्याची बोटं तेवढी मळली होती, आणि तो नीट घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलेला होता.