नोटीस बोर्डाच्या जागी क्यूआर कोड

कॉलेजच्या ऑफिसात किस्से जुन्या उत्तरपत्रिकांसारखे साठतात. फेकायची परवानगी नाही आणि ठेवायला जागा नाही! त्यात आमचे प्राचार्य कुठल्याशा वर्कशॉपहून ‘डिजिटल’ होऊन आले, तेव्हापासून तर कपाटच भरलंय. मी तिथली क्लार्क, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायला हक्काची.

आल्या आल्या सरांनी नोटीस बोर्ड काढायला लावला. त्या जागी क्यूआर कोड. “आता सगळ्या नोटिसा इन्स्टाग्रामवर!” कॉलेजात रेंज नाही, आणि वायफायला पासवर्ड लागतो. पोरं माझ्याकडे आली, मी सरांकडे गेले. सर म्हणाले, “पासवर्ड इन्स्टाग्रामवर टाकलाय की!”

*

एक जुने विश्वस्त वारले. शोकसंदेश टाकला, खाली ‘उद्या सुट्टी’. धडाधड लाइक्स, बदाम, टाळ्या! एकाने लिहिलं, “सर, असंच चालू ठेवा.” सर मोबाइल नाचवत म्हणाले, “बघा मॅडम, याला म्हणतात रिस्पॉन्स!” कप्पाळ!

*

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सरांचे सुविचार सकाळी सहापासून सुरू. आठवड्याभरात पोरांनी ग्रुप म्यूट केला. नंबर घेतले होते अ‍ॅडमिशन फॉर्मवरून, आणि आमच्याकडे फॉर्मवर कुणाचा नंबर असेल याचा नेम नाही. एक दिवस फोन आला, “मॅडम, मी धामणकर नाक्यावर रिक्षा चालवतो. तुम्ही मला दोनदा कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये टाकलंय!”

*

टी.वाय.बी.कॉम.ची शबाना कामतघर वस्तीतली. तिचे अब्बा ज्या कापडाच्या कारखान्यात लूम चालवतात, तिथल्या शेटचा नंबर तिच्या फॉर्मवर. शेट ग्रुपवरचं सगळं भक्तिभावाने वाचायचे. मला फोन करून विचारलं, “मॅडम, ये असाइनमेंट मेरे को भी देना है क्या?”

मी शबानाला म्हटलं, “अगं, नंबर बदल ना.”

“घरात एकच फोन हाय मॅडम. भाई तो काल्हेरला ड्युटीवर नेतो.”

काल्हेरच्याच एका गोडाऊनमध्ये तिची बिलिंगची नोकरी ठरली होती. एक पेपर जरी बुडाला, तरी ती नोकरी गेली असती.

*

आणि शेवटच्याच पेपरची वेळ आदल्या संध्याकाळी बदलली. दुपारी अडीचचा पेपर सकाळी साडेआठला! सरांनी इन्स्टावर स्टोरी टाकली, ग्रुपवर मेसेज टाकला, झालं. मी म्हटलं, “सर, एकेकाला फोन करू या.”

“मॅडम, कुठल्या जमान्यात आहात!”

मी गुपचूप शेटना फोन लावला. उचललाच नाही. लूमच्या खडखडाटात ऐकू कसा येणार! जीव नुसता टांगणीला.

सकाळी हॉल अर्धा रिकामा. पण आपल्या बाकावर शबाना हजर, आणि कामतघरच्या आणखी दहा-बारा पोरी! मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली.

पेपर सुटल्यावर सरांनी तिच्यासमोर मोबाइल धरून व्हिडिओ चालू केला. “सांग बेटा, आमची स्टोरी बघून आलीस ना?”

“न्हाय सर. शेटनी ग्रुपवर वाचलं. मग सगळे लूम बंद करायला लावले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. अब्बांनी घरी येऊन सांगितलं.”

“आणि या बाकीच्या?”

“चालू शिफ्टमध्ये लूम कधी बंद पडत न्हाईत सर. काय झालं म्हणून अख्खी गल्लीच धावत आली.”