दगडातलं पायाळू पोर

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालं होतं. चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला माझ्या नवऱ्याचं लोहारकामाचं दुकान होतं. एके दिवशी पुण्यातल्या एका कॉलेजचे प्राध्यापक बैलगाडीतून मोठी लाकडी पेटी घेऊन आले. आत पेंढ्यात दगडाची लादी होती आणि तिच्यात एक सांगाडा. लांब चोच, वल्ह्यांसारखे पाय, माशासारखी शेपटी. परदेशातल्या एका संग्रहालयानं तो कॉलेजला भेट दिला होता. लादी उभी करायला लोखंडी चौकट हवी होती.

"मासा आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही, पाल-मगरीच्या गोतातला. माणूस नव्हता तेव्हा समुद्रात राहायचा. असा अख्खा क्वचितच मिळतो. आणि हे बघा, त्याचं शेवटचं जेवण." त्यांनी फासळ्यांमधल्या नाजूक हाडांवर बोट ठेवलं.

सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. भोसरीपासून रहाटणीपर्यंत बाळंतपणाला त्यांनाच बोलावणं यायचं. कप माझ्याकडे देऊन त्या लादीपाशी उकिडव्या बसल्या.

"खाल्ल्यालं न्हाई हे, पोर हाय," त्या म्हणाल्या. "हाडं कशी जागच्या जागी हायेत. आन् पायाळू हाय. शेपटी भायेर आलीया, डोकं आत ऱ्हायलंय."

प्राध्यापक हसले. "आजी, पाल-मगरी अंडी घालतात."

"आसंल. पन तुमी कुनाला इचारा तरी."

त्यांनी वाकून ती हाडं पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "माझा विषय खडकांचा. हाडांतलं मला फारसं कळत नाही. विचारतो."

चौकट जाऊन काही महिने झाले असतील. प्राध्यापक सायकलवरून आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. परदेशातून पत्र आलं होतं. ही जात पिल्लंच द्यायची, तीही बहुधा शेपटीकडून. डोकं शेवटी निघालं की पिल्लू पाण्यात गुदमरत नसे.

सासूबाईंनी पेढा हातात धरून ठेवला. "म्हंजी ती बाळंतीण सुटलीच न्हाई?"

"नाही सुटली."

 मग पेढा खाऊन त्या म्हणाल्या, "मला तिला उभी केलेली बघायची हाय."

सासूबाई, नवरा आणि मी असे तिघं कॉलेजात गेलो. सासूबाईंनी लादीवर बोट फिरवत पोर कसं येत होतं ते सांगायला सुरुवात केली, तशी मुलं भोवती जमली. एकानं अदबीनं विचारलं, "मॅडम, आपण प्राणिशास्त्राच्या का?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "मी चिंचवडची."

मला सहावा महिना होता. हसून हसून शेवटी मला बाकावर बसावं लागलं.