कडबा कुणाच्या गोठ्यात गेला

ओसरीवर बसून मी मातीचा रिपोर्ट वाचून दाखवला.

धर्माबादच्या पुढचं, गोदावरीकाठचं गाव. मी तेव्हा कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माती परीक्षणाच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून काम करत होते. रिपोर्ट सुनंदाबाईंच्या नदीकाठच्या रेताड रानाचा होता. नत्र कमी, सेंद्रिय कर्ब कमी, आणि पोटॅश तर फारच कमी.

"मी काय म्हनत होतो?" त्यांचे थोरले दीर दत्तराव म्हणाले. "उद्या ठेकेदार येऊन राहिला. दे रान वाळूच्या डेपोला. वाळूत वाळू."

सुनंदाबाईंना ते द्यायचं नव्हतं. नवरा निजामाबादला ट्रक चालवतो. वाटणीत आलेलं एवढं एकच रान त्या एकट्या कसतात. "डेपो झाला की तितं पुन्हा पीक न्हाई," त्या मला म्हणाल्या. "खत टाकून राहिले, मूग घेते, मागून ज्वारी घेते. मग जातं कुठं सगळं?"

मी लॅबच्या सरांना फोन लावला.

"युरिया एकदम नको, थोडा थोडा द्या म्हणून सांग आणि निघ. बस चुकेल तुझी."

सरांचं बरोबरच होतं. रेती पाणी धरत नाही, तसं खतही धरत नाही. एकदम टाकलेला युरिया पावसासोबत मुळांच्या खाली निघून जातो. मुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, म्हणून पिकांची फेरपालटही ठीकच होती. एवढं मी सांगितलं. पण पोटॅशचं कोडं सुटेना. हिशेब साधा असतो: रानात काय आलं आणि रानातून काय गेलं. ज्वारीच्या दाण्यात पोटॅश थोडाच असतो. जास्त असतो कडब्यात.

विचारावं की नाही, कळेना. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मोठ्यांना उलट प्रश्न विचारायची सवय नाही. त्यात चहा दत्तरावांच्याच घरचा प्यायले होते.

"कडबा कुठं जातो?"

सुनंदाबाईंनी दत्तरावांच्या गोठ्याकडे पाहिलं. "तितंच. मुगाचं भुसकटबी. माझ्याकडं जनावर न्हाई. बदल्यात दादा नांगरून देतात."

"आणि शेण?"

"आमच्या काळ्या रानात," दत्तरावांच्या बायको शांताबाई दारातून म्हणाल्या.

दत्तराव ताठ झाले. "म्हंजे आमी पोटॅश चोरला म्हना की!"

"नाही काका, बैलांनी खाल्ला," मी घाबरून बोलून गेले.

शांताबाईंना हसू आवरेना. "घ्या! बैलांवर केस करा आता."

सुनंदाबाई मात्र हसल्या नाहीत. "दादा, कडबा न्या. पन शेण माघारी द्या."

"शेणखताची गाडी जाती का तिकडं? वाळूत चाक रुततंय. कडबा हलका असतो म्हनून निघतो."

"मग गाडी कशाला?" शांताबाई म्हणाल्या. "उन्हाळाभर जनावरंच तितं बांधा. कडब्याची गंजी तितंच घाला. पानी हाय. माझं अंगन तरी सुटंल."

"आन राखन?"

"माझी," सुनंदाबाई म्हणाल्या.

दत्तरावांनी तंबाखू मळून गालात धरली. मग म्हणाले, "एक साल बघू. ठेकेदाराला मी सांगतो."

त्या उन्हाळ्यात जनावरं नदीकाठी बांधली गेली. युरियाही थोडा थोडा दिला. पुढच्या रिपोर्टात पोटॅश किंचित वाढला. कर्ब जवळपास तेवढाच राहिला. रेती एका वर्षात बदलत नाही. पण ज्वारीची धाटं जाड झाली होती आणि सुनंदाबाईंनी पुढच्या हंगामाचं बी आणून ठेवलं होतं. ठेकेदारानं दुसरं रान शोधलं.

आता मी नमुना घेताना खताच्या आधी जनावरांचं विचारते.

मागच्या महिन्यात दत्तराव स्वतः लॅबमध्ये आले. पिशवीत काळ्या रानाची माती. "शेण तिकडं जाऊन राहिलं," ते म्हणाले. "आता आमचं किती घटलं ते बघा."

रिपोर्ट आला. पोटॅश भरपूर. वाचून ते थोडे नाराजच झाले.