जुळवणीच्या वहीतली सही

आमच्या दुकानात धूळ आणि किस्से रोज येतात. धूळ आम्ही ब्लोअरने उडवतो. किस्से जिथल्या तिथे बसून राहतात, आणि कोणी चहा पाजला की माझ्या तोंडून बाहेर पडतात. आज तुम्ही पाजलाय, तर ऐका.

दुकान कर्वेनगरमध्ये. सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून द्यायचा, हा धंदा. मालक तांबोळीकाका. मंडईच्या मागच्या बाजूला जन्मले, तिथेच वाढले, आता अडुसष्टचे आहेत. मराठी अशी स्वच्छ, की मी गोखल्यांची सून असून त्यांच्यासमोर जपून बोलते.

काकांचा एक नियम आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड जुळतात हे ठरल्याशिवाय कुठल्याही बॉक्सचं सील फोडायचं नाही. बोर्डावर प्रोसेसर बसायची जी जागा असते तिला सॉकेट म्हणतात, आणि प्रत्येक सॉकेटला नंबर असतो. प्रोसेसरच्या बॉक्सवरचा नंबर आम्ही मोठ्याने वाचायचा, बोर्डाच्या बॉक्सवरचा गिऱ्हाइकाने वाचायचा. मग वहीत लिहायचं, 'जुळले', आणि तपासणाऱ्याने एका रकान्यात, गिऱ्हाइकाने दुसऱ्या रकान्यात सही करायची. तपासणाऱ्याची सही काकांची. फक्त काकांची.

मी तिथे सहा वर्षं आहे. माझी सही बँकेला चालते, कुरिअरवाल्याला चालते, मुलाच्या शाळेला चालते. जुळवणीच्या वहीत चालत नाही. मला ती तिथे हवी होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे म्हणाल, बाई उगाच का चिडते!

*

चालत नाही, याला कारण माझा पहिला आठवडा.

शुक्रवार होता, काका नमाजाला गेले होते. गिऱ्हाईक घाईत. प्रोसेसरवर नंबर अकराशे एक्कावन्न. बोर्डावरही अकराशे एक्कावन्न. मी थाटात म्हटलं, "जुळलं!" सील फोडलं, जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला. बाकी काहीही झालं नाही.

काका आले, दोन्ही बॉक्स उलटसुलट करून पाहिले. सॉकेटचा नंबर तोच, पण पिढी वेगळी. प्रोसेसर नवा, बोर्ड त्याच्या आधीचा.

"अहो, पण काका, नंबर एकच आहे!"

"तुमच्या सोसायटीत दोन विंग आहेत ना? पाचशे चार नंबरचा फ्लॅट दोन्हीकडे आहे. संध्याकाळी तुम्ही कुठल्याही घरात शिरता का?"

गिऱ्हाईक हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ठरलं, वाचायचं मी, सही करायची त्यांनी.

*

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, दातार. आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलं, आता निवृत्त. त्यांचा मापावर विश्वास. माणसांवर कमी.

घरचा बोर्ड तोच ठेवून त्यात नवा प्रोसेसर बसवायचा होता. येताना खिशातून व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. आमच्या काऊंटरच्या काचेखाली प्रोसेसरचा एक नमुना ठेवलेला असतो, तो बाहेर काढायला लावला आणि मोजला.

"साडेसदतीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर. घरचाही साडेसदतीस बाय पंचेचाळीस. द्या बांधून."

काका म्हणाले, "माप बरोबर आहे. सॉकेट वेगळं आहे. तुमच्याकडे सतराशे, हा अठराशे एक्कावन्न."

"पण माप एक आहे ना!"

"तुमच्या-माझ्या चपलेचंही माप एकच आहे, दातार. तरी जाताना आपापलीच घालून जा."

दातार दारात गेले, वाकले, व्हर्नियर लावला.

"रुंदीला तुमची दोन मिलिमीटर जास्त आहे," असं म्हणून निघून गेले.

*

एकदा दोन भाऊ आले. त्यांचं गाव आता महापालिकेत आलंय, त्यामुळे जमीन थोडी आणि गाड्या मोठ्या. वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद. पण थोरल्याची मुलगी बारावीला, आणि धाकट्याला मूलबाळ नाही, म्हणून ती दोघांचीही लाडकी. तिला कॉम्प्युटर द्यायचा होता. थोरल्याने प्रोसेसर आणला, धाकट्याने बोर्ड आणला. एकमेकांना विचारणार कोण? अर्थातच दोन्हींचा काडीमात्र संबंध नव्हता.

थोरला काकांना म्हणाला, "त्याला सांगा, बोर्ड बदल. म्या आणलाय त्यो प्रोसेसर भारी हाय."

धाकटा दीड फुटावर उभा. तोही काकांनाच म्हणाला, "त्यास्नी सांगा, बोर्ड बदलायचा न्हाय. प्रोसेसर बदला म्हनावं."

अर्धा तास काका इकडचं तिकडे सांगत होते. शेवटी त्यांनी थोरल्याला जुळणारा बोर्ड दिला आणि धाकट्याला जुळणारा प्रोसेसर दिला. दोन कॉम्प्युटर झाले. दोघेही खूश!

पोरगी हुशार आहे. सोमवार ते बुधवार वडिलांच्या मजल्यावर अभ्यास करते आणि गुरुवारपासून चुलत्याच्या.

*

हल्लीची पोरं मोबाईलवर एआयला विचारून येतात. हिंजवडीत नोकरी करणारा एक जण आला, हातात यादी.

"अंकल, चेक करायची गरज नाही. मी एआयला विचारलंय. हंड्रेड पर्सेंट कम्पॅटिबल!"

काकांनी यादी वाचली. बोर्ड जुन्या स्टॉकमधला होता, आतला प्रोग्राम अपडेट केल्याशिवाय त्याला हा प्रोसेसर ओळखताच आला नसता. काकांनी चष्मा काढला, वही उघडली, पेन पुढे केलं.

"बोलवा त्यांना. सही करू दे."

पोरगा यादी पुन्हा वाचायला लागला. पण खरं सांगते, मला फार लागलं. त्या एआयला पहिल्या भेटीत पेन मिळालं हो! मला इतक्या वर्षांत कोणी खोटंखोटंही विचारलं नव्हतं.

*

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चार दिवस घरी. मला वाटलं, आता तरी.

कसलं काय! पहिल्याच सकाळी फोन. "गिऱ्हाईक आलं की फोन लावा आणि दोन्ही नंबर वाचा." मी वाचायचे, पलीकडून आवाज यायचा, "पिढी?" मी सांगायचे. "जुळलं. सहीची जागा मोकळी सोडा." चार दिवसांत सात मशीन गेली. पाचव्या दिवशी काळा गॉगल लावून काका आले, खुर्चीत बसले आणि सात सह्या ओळीने ठोकल्या.

मी चिडले. सरळ बोलले. "काका, बॉक्स तुम्ही डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. माझ्या वाचण्यावर सह्या केल्यात. मग माझ्या सहीला काय झालंय?"

काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही वाचता ते बरोबर आहे याबद्दल शंका नाही. पण समोरचा ठामपणे चुकीचं सांगत असेल, तर त्याला 'थांबा' म्हणाल का? तुम्हाला भीड पडते, रोहिणीताई."

मी घरी जाऊन नवऱ्याशी भांडले. त्याचा काही संबंध नव्हता.

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

काकांची नात सना, आर्किटेक्चरला लागली. तिचा कॉम्प्युटर दादांनीच, म्हणजे तिच्या या आजोबांनीच, बनवायचा, हे ती चौथीत असल्यापासून ठरलेलं. रविवारी दुकान बंद असतं, तरी उघडलं. काकांचा मुलगा, सून, सना, सगळे आले. पेढे आले. मलाही बोलावलं होतं. काकांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक भाग त्यांनी स्वतः निवडलेला. ग्राफिक्स कार्ड तेवढं दिवाळीला घ्यायचं ठरलं होतं.

प्रोसेसरच्या बॉक्सवरचा नंबर त्या दिवशी काकांनीच वाचला. "सतराशे!" सनाने बोर्डाचा वाचला. "सतराशे!" पिढी बरोबर. बोर्डातला प्रोग्राम अपडेट केलेला. सून मोबाईलवर शूटिंग करत होती. काकांनी लिहिलं, 'जुळले', सही केली आणि सील फोडायला कटर उचललं.

मी प्रोसेसरच्या बॉक्सकडे पाहत होते. मॉडेलच्या नंबराच्या शेवटी 'एफ' होतं. म्हणजे तो प्रोसेसर स्वतः चित्र दाखवू न शकणाऱ्या प्रकारातला होता. ग्राफिक्स कार्ड लावलं तरच स्क्रीन लागते. म्हणजे दिवाळीपर्यंत पोरीने काळ्या स्क्रीनपुढे बसायचं.

अडुसष्ट वर्षांचा माणूस, नातीसमोर, सुनेचं शूटिंग चालू. दोनदा तोंड उघडून मिटलं.

"थांबा, काका," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सुनेने मोबाईल खाली घेतला. काका म्हणाले, "सगळं बघितलंय मी."

"नाही बघितलंत. थांबा. कटर खाली ठेवा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी बॉक्स त्यांच्यापुढे फिरवला आणि त्या 'एफ'वर बोट ठेवलं. काकांनी चष्मा लावला. वाचलं. कपाटातून त्याच सॉकेटचा, स्वतः चित्र दाखवणारा दुसरा प्रोसेसर काढला, बॉक्स माझ्या हातात दिला. मी नंबर वाचला. सनाने पुन्हा बोर्डाचा वाचला.

काकांनी वहीत आधीची ओळ खोडली. खाली नवीन ओळ आखली. वहीत दोन रकाने असतात, एक तपासणाऱ्याचा आणि एक गिऱ्हाइकाचा. काकांनी सही केली, अगदी सावकाश, गिऱ्हाइकाच्या रकान्यात. मग वही माझ्याकडे फिरवली, पेन त्यावर ठेवलं आणि काऊंटरच्या पलीकडच्या बाजूला सनाशेजारी जाऊन उभे राहिले.

मी नुसती बघत बसले.

"अहो ताई," काका म्हणाले, "गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे!"